दुसरा रिमोट

गणपती बसले तेव्हापासून ईश्वरीच्या मोबाइलमध्ये एक इवलासा कॉम्प्युटर मुक्कामाला होता. घेतलेला नव्हे, घ्यायचा म्हणून बाजूला काढून ठेवलेला. सकाळी डबा भरताना ती तो खरेदीच्या पिशवीत टाकायची आणि संध्याकाळी भाजी निवडताना काढून टाकायची. मंडईत एकच वांगं असं चारदा उचलून ठेवलं तर भाजीवाली आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मोबाइलमधलं दुकान काही बोलत नाही, उलट 'तुम्ही काहीतरी विसरलात' म्हणून लाडीगोडी लावतं. त्यामुळं ईश्वरीचं घोंगडं महिनाभर भिजतच पडलं होतं.

वस्तू होती तरी केवढी! पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर चांदीचे ठिपके आणि एका बाजूला सोनेरी काटे. नाव कुठल्याशा विलायती फळावरून ठेवलेलं, जे सेलूच्या बाजारात कुणी बघितलेलं नाही. टीव्हीला जोडायची, दोन रिमोट लावायचे, की लहानपणीचे सगळे व्हिडिओ गेम जसेच्या तसे सुरू होतात, असं एक दाढीवाला पोरगा व्हिडिओत छातीठोकपणे सांगत होता.

बरं, ईश्वरी म्हणजे काही कॉलेजकन्यका नव्हे. चाळिशी ओलांडलेली, गावातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारी बाई. कापसाची भरली गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायचं आणि पावती छापून हातात द्यायची. गाडीत दोन माणसं बसवून वजन फुगवू बघणारे बिलंदर ड्रायव्हर तिचा चष्मा खिडकीत दिसला की त्या माणसांना आपणहून खाली उतरवत. अशा बाईला व्हिडिओ गेमचे डोहाळे लागलेत, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. म्हणून तिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

नवऱ्याच्या मात्र लक्षात आलं. नागेशचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतंच बघणार आहे हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"काय बघायलीस एवढं, महिना झाला?" एके दिवशी जेवताना त्यानं विचारलं.

"काही नाही. कॉम्प्युटर."

"जिनिंगवरचा पुरंना का तुला?"

"हा कामाचा नाही. खेळायचा हाय."

नागेशचा घास हातातच राहिला. "लेक गेली लातूरला शिकायला, अन् माय बसली खेळायला! अगं, खेळायचंच हाय तर मोबाइलात काय कमी खेळ हायेत? तेबी फुकट."

"मोबाइलात एकट्यानं खेळावं लागतं."

"मग तुला संगं कोण पाहिजे? मी?"

ईश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. टीव्हीचा आवाज वाढवायला गेला की चॅनल बदलणारा हा माणूस. तिनं नुसतीच भाकरी वाढली. नागेशनंही ती मोडून घेतली; वीस वर्षांच्या संसारात विषय कुठं सोडायचा हे त्याला ठाऊक झालं होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. पोळ्याच्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा, सारंगचा फोन आला होता. सारंग संभाजीनगरला, वाळूजच्या एका औषध कंपनीत. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "ताई, यंदा भाऊबीजेला जमंल असं वाटत नाही गं. सुट्ट्यांचं लय अवघड झालंय. ओवाळणी ऑनलाइन टाकतो, चालंल ना?"

"चालंल की," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर मात्र तिनं स्वच्छ घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

आई-वडील गेले, पूर्णेचं रेल्वे क्वार्टर तर त्याआधीच सुटलं. आता ईश्वरीचं माहेर म्हणजे एक सारंग, आणि तेही वर्षातनं एकदा सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परत जाणारं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. तो यायचा, पाटावर बसायचा, ताटात पाकीट ठेवायचा, पुरणपोळीला छान म्हणायचा आणि मोबाइलवर गाडी कुठंपर्यंत आलीय ते बघत बसायचा. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. भाऊ हळूहळू पाहुणा होत चालला, की त्याला काय म्हणून जाब विचारायचा? आणि आता तर पाहुणाही यायचा राहणार होता. एकदा राहिला की दुसऱ्यांदा राहणं सोपं असतं, हे तिला कळत होतं.

त्याच आठवड्यात तो दाढीवाला पोरगा तिला मोबाइलवर दिसला. त्याच्यामागच्या टीव्हीवर टँकचा खेळ चालू होता. ईश्वरी भाजीची फोडणी करपेपर्यंत बघत राहिली.

हा खेळ त्यांच्या घरी होता. वडील, अप्पाराव, मालगाडीवर गार्ड. एका फेरीला त्यांनी सिकंदराबादहून व्हिडिओ गेम आणला होता, पिवळ्या कॅसेटसकट. कॅसेट चालेना झाली की काढून तिच्यात फुंकर मारायची. ती फुंकर मारण्यावरूनसुद्धा दोघांची मारामारी व्हायची. खेळात खाली विटांच्या कोटात एक पक्षी असायचा आणि दोघांनी दोन टँक घेऊन त्याला सांभाळायचं. पिवळा टँक ताईचा, हिरवा सारंगचा. सारंग सगळ्यात पुढं धावायचा आणि सगळ्यात आधी मरायचा. त्याचे जीव संपले की एक बटण दाबून दुसऱ्याचा जीव उसना घेता यायचा, आणि हे बटण सारंगला पक्कं पाठ होतं. "विचारून घे की रे!" म्हणून ईश्वरी किंचाळायची. स्वयंपाकघरातनं आई, सुमंगला, म्हणायची, "दे की गं त्याला एक. ल्हान हाय तो." मग ईश्वरी द्यायची. खरं म्हणजे तो घेऊन मोकळा झालेला असायचा.

तर असा तो कॉम्प्युटर. घ्यावा की न घ्यावा?

न घेण्याची कारणं काही कमी नव्हती. एक म्हणजे ती पाटी नुसतीच येते; तिला लागणारी वायर वेगळी, ती ठेवायची डबी वेगळी, खेळ भरलेलं कार्ड वेगळं, रिमोट वेगळे. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरं म्हणजे लोक काय म्हणतील. तिसरं, आणि सगळ्यात वाईट, सारंग काय म्हणेल. "ताई, हे काय गं पोरकट," असं तो म्हणाला तर? ओवाळणी ऑनलाइन आली तर सोसता येईल, पण हे सोसवणार नाही, असं तिला वाटायचं. मग ती पिशवीतनं तो कॉम्प्युटर काढून टाकायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा आत.

शेवटी निर्णय झाला तो एका परक्या माणसाच्या खवचटपणामुळं. नवरात्रात एका दुपारी काट्यावर गाडी नव्हती, म्हणून ती त्या वस्तूखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसली होती. एका बहाद्दरानं लिहिलं होतं, 'घेऊ नका. एक दिवस खेळाल आणि मग कपाटात पडून राहील.'

ईश्वरीनं ते दोनदा वाचलं. एक दिवस. अरे बाबा, पण मला एकच दिवस पाहिजे!

तिनं पाटी मागवली, वायर मागवली, डबी मागवली, कार्ड मागवलं, आणि रिमोटपाशी आल्यावर क्षणभरही न थांबता दोन मागवले. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. तिनं चष्मा नीट केला आणि वजन घेतलं.

खोकं आलं ते नेमकं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. डबी मागनं येणार होती, म्हणून हिरवी पाटी उघडीच. सासूबाई, चांगुणाबाई, चष्मा पुसून जवळ आल्या.

"काय म्हनायचं याला?"

ईश्वरीनं नाव सांगितलं आणि ते एका फळाचं आहे हेही सांगितलं.

"फळ? मंग नैवेद्याला ठिवायचं का पूजेला?"

"मशीन हाय हो, आई. कॉम्प्युटर."

"मशीन म्हन की मंग. उद्या पूजेत घेते."

ईश्वरी हसली आणि विसरली. दसऱ्याला तिला जिनिंगवर जायचंच होतं. मुहूर्ताचा कापूस येतो, काट्याची पूजा असते, आणि तिथं ती स्वतःच कॉम्प्युटरला हळदकुंकवाची बोटं लावते. पण तिथला कॉम्प्युटर पत्र्याच्या अंगरख्यात असतो. घरचा उघडा होता, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती परतीच्या अर्ध्या रस्त्यावर होती.

घरी येऊन बघते तर देव्हाऱ्यासमोर पाट. पाटावर विळा, कात्री, नागेशचा तराजू, शिलाई मशीनचं मुंडकं, आणि मधोमध, मानाच्या जागी, तो इवला कॉम्प्युटर. काट्यांची बाजू हाताला टोचते म्हणून चांगुणाबाईंनी तो पालथा घातला होता. पाठीवर ओल्या हळदीची पाच बोटं, पाच बोटं कुंकू, वर झेंडूचं फूल आणि मूठभर अक्षता. नव्या सुनेची ओटी भरावी तितक्या मायेनं सगळं केलेलं. त्यावर रागावायचं तरी कसं?

"लय लेकरासारखं हाय गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्याला जरा जास्तच घातल्या अक्षता."

ईश्वरीनं आधी मोबाइलवर एक फोटो काढला, मग पाटी उचलली, झटकली, मऊ कापडानं पुसली, दोन दिवस वाळू दिली. मग सगळं जोडलं. लाल दिवा लागला. टीव्ही मात्र काळा तो काळाच. व्हिडिओत हिरवा दिवा लुकलुकत होता, इथं त्याचा पत्ता नव्हता. तिनं वायरी काढल्या, लावल्या, कार्ड काढलं, लावलं. काही उपयोग झाला नाही.

नागेश दारातनं बघत होता. या वेळी त्यानं मस्करी केली नाही. "जाऊ दे," तो म्हणाला. "दुसरा मागव. आईला कळू देऊ नकू म्हंजे झालं."

"नको."

"अगं, हौसेला मोल नसतं."

"हौस नव्हती ती," ईश्वरी म्हणाली. मग नागेशला शेजारी बसवून तिनं सगळं सांगितलं: सारंगचा फोन, ऑनलाइन ओवाळणी, टँकचा खेळ. "म्हटलं, खेळायला बसला तर गाडी विसरंल. पोरकटपणा हाय, मला कळतं. दुसरा मागवला अन् तरीबी तो आलाच नाही, तर मी काय करू?"

नागेशनं खाली पडलेली एक वायर गुंडाळून ठेवली. "त्याला सांगितलंस का तू? ये म्हणून?"

"न सांगता यायला पाहिजे ना त्यानं."

"ईश्वरी," नागेश म्हणाला, "मोंढ्यात मी दुकान मांडून बसतो, पाटी लावतो, तरी दिवसभर हाका मारतो. न बोलावता कोण येतं का?"

ईश्वरी मोबाइल घेऊन ओट्यावर बसली. लांबलचक लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आत पुन्हा तळ्यात-मळ्यात सुरू झालं. शेवटी दसऱ्याच्या दिवशी काढलेला फोटोच तिनं पाठवून दिला, हळदीकुंकवाच्या बोटांचा, झेंडूच्या फुलासकट. खाली एवढंच लिहिलं, 'टँकचा गेम खेळायला मागवला होता. चालू होईना. तू ये.'

भांडी विसळून होतात न होतात तोच फोन वाजला. पलीकडनं शब्द ऐकू येईना. सारंग हसत होता. लहानपणी हसायचा तसा, मध्ये श्वास अडकून.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "ह्याच्यावर नारळ फोडला नाही ना गं?"

"हसू नको. आईंनी मायेनं केलंय."

"अगं, ही पाटी मी पण दोन वर्षं बघायलोय. घेऊ का नको, घेऊ का नको. म्हटलं, घेऊन खेळू कुणासंगं?" मग वेगळ्याच आवाजात त्यानं विचारलं, "रिमोट किती मागवलेस?"

"दोन."

"त्याला हात लावू नको," सारंग म्हणाला. "मी यायलोय."

भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं तो आला. खांद्याला पिशवी, पिशवीत कंपनीत वापरतात तसलं स्पिरिट, कापूस, नवा दातांचा ब्रश आणि बारीक चिमटा. चांगुणाबाईंनी पाट मांडून रांगोळी काढली होती. "आदी ओवाळून घ्या," त्या म्हणाल्या. "दोन मिंटं, आई," म्हणत दोघंही टीव्हीसमोर फतकल मारून बसले. सारंगनं पाटी उलटी केली आणि ब्रशनं एकेक ठिपका घासून काढला. मग कार्ड घालून बघितलं.

"हे अर्धं बाहेर का राहायलंय?"

"ते तसंच असतंय ना?"

"एवढं नाही." त्यानं मोबाइलच्या उजेडात कार्डाच्या फटीत डोकावलं, चिमटा घातला आणि हलक्या हातानं काहीतरी बाहेर ओढलं. कुंकवानं लाल झालेली तांदळाची कणी होती.

चांगुणाबाईंना सांगितलं तर त्या उखडल्याच. "माझ्या अक्षतात कनी? निवडून घेते मी एकेक दाना! तुमच्या मशीननं मोडला आसंल." कॉम्प्युटर बिघडला याचं त्यांना काही नव्हतं, पण तुटका तांदूळ देवापुढं गेला हा आळ त्या जन्मात ऐकून घेणार नव्हत्या. नागेशनं शहाणपणा करून आईची बाजू घेतली.

सारंगनं पाटी तोंडाजवळ नेली आणि फटीत फू करून जोरात फुंकर मारली. काही गरज नव्हती. ईश्वरीनं ती त्याच्या हातातनं हिसकावून घेतली. "माझी पाळी," ती म्हणाली आणि तिनंही मारली.

कार्ड टक्कन आत बसलं. हिरवा दिवा लुकलुकला. टीव्हीवर विटा उमटल्या, खाली कोटातला पक्षी उमटला, आणि तीच ती चिरकी धून खोलीभर वाजली. पूर्णेच्या क्वार्टरातली लोखंडी खाट, भिंतीवरचं वडिलांच्या पगाराच्या बँकेचं कॅलेंडर, सगळं त्या धुनेबरोबर ईश्वरीसमोर उभं राहिलं. पिवळा टँक तिचा, हिरवा त्याचा. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

पहिले डाव भराभर गेले. सारंग अजूनही पुढंच धावत होता, पण आता मरत नव्हता. मरत होती ईश्वरी. बोटांना सवय राहिली नव्हती हे खरं, पण खरं कारण निराळं होतं. ती टीव्हीकडं कमी आणि भावाकडं जास्त बघत होती. त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झालेत हे तिला आज दिसलं. टँक वळवताना तो अजून सबंध अंगानं वळतो, हेही दिसलं. त्याचा मोबाइल केव्हाचा पिशवीत पडून होता. बघता बघता तिचे जीव संपले आणि पिवळा टँक दिसेनासा झाला. तिनं रिमोट मांडीवर ठेवला. तिला वाईट वाटलं नाही. अशी बसून नुसतं बघायलाही ती तयार होती.

दुपार कलली तसा नागेश गाडीची किल्ली घेऊन दारात येऊन उभा राहिला. स्टेशनवर सोडायचं होतं. दूर रुळावर हॉर्न झाला. रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या पोरांना गाडी ओळखायला घड्याळ लागत नाही. ही सारंगची गाडी होती, बाहेरच्या सिग्नलवर उभी. दोघांनाही ते कळलं.

"घे की माझ्यातला एक," सारंग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"राहू दे. तुझ्याकडं एवढे दोनच हायेत. तुला शेवटापर्यंत जायचंय."

"ताई, घे. बटण ठाऊक हाय ना?"

"उसना घेते मग. परत देईन."

"देऊ नको. ओवाळणी समज."

ईश्वरीच्या डोळ्यांपुढं विटा पाण्यात हलल्यासारख्या झाल्या. तिनं चष्मा वर सारून पदरानं डोळे टिपले, रिमोट उचलला आणि बटण दाबलं. त्याच्या बाजूचा आकडा एकनं उतरला आणि पक्ष्याच्या कोटाशेजारी पिवळा टँक येऊन उभा राहिला.

गाडीनं पुन्हा हॉर्न दिला आणि ती स्टेशनात शिरली. दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही. नागेशनं किल्ली परत खिळ्याला अडकवली आणि आत जाऊन आईला सांगितलं, की निरांजनात तूप जरा जास्त घाल, ओवाळायला संध्याकाळ होईल.